अर्धं पिंप परतीचं

माझ्या दुकानाच्या फळीवर धप्पकन बॅटरी येऊन पडते आणि पाठोपाठ वाक्य येतं, "बसली ही. नवी दी." देवगड बंदराकडे जाणाऱ्या वाटेवर माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. आंब्याच्या हंगामात टेम्पो आणि ट्रक, एरवी रिक्षा, आणि वर्षातले दहा महिने होड्या. नवी बॅटरी विकली तर मला चार पैसे सुटतात, तरीही मी आधी त्या तांडेलाला स्टुलावर बसवतो, चहा सांगतो आणि बॅटरीला मीटर लावतो. बऱ्याचदा बॅटरी बसलेली नसतेच. एक तर तिची उपासमार झालेली असते, नाहीतर तिच्यातली वीज वाटेतच कुठेतरी मुरत असते.

आयटीआयला होतो तेव्हा व्होल्टेज ड्रॉप हा परीक्षेतला पाच मार्कांचा प्रश्न होता. मी तो पाठ केला, लिहिला आणि विसरलो. पुढे 2011च्या ऑक्टोबरात तोच प्रश्न मला रात्री दोन वाजता, किनाऱ्यापासून बाराएक मैलांवर, मामाच्या होडीत परत पडला. त्या वेळी मार्क द्यायला कुणी नव्हतं.

मामाची होडी अठ्ठावीस फुटी, फायबरची. मागे 9.9 हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड मशीन. संध्याकाळी जाऊन जाळी सोडायची, रात्रभर त्यांच्यावर राहायचं, पहाटे ओढून परतायचं, असा धंदा. मामा धरून चार माणसं. त्या वर्षी नारळी पौर्णिमेच्या आधी मामाने मला बोलावलं आणि होडीवर 'सगळा लायटीचा काम' करायला सांगितलं. फिशफाइंडर, त्यातच जीपीएस, एक व्हीएचएफ सेट, दिवे, मोबाइल चार्जिंगचा सॉकेट आणि खलाशांच्या आग्रहाखातर गाणी वाजवायला एक टेप. बॅटरी 75 अँपिअर-अवरची, ट्रकची. ती ठेवली पुढे नाळेतल्या पेटीत, कारण मागे मशीनचं वजन आणि पाण्याचे शिंतोडे. सेट आणि फिशफाइंडर मागे, मामाच्या हाताशी. मधलं अंतर सात मीटर. दुकानात टेम्पोच्या इंडिकेटरची वायर शिल्लक होती, तीच ओढली. दिवे लागले, पडद्यावर मासे दिसायला लागले, मामीने हातावर दही-साखर ठेवली. मी खूश.

दोन महिन्यांनी मामा म्हणाला, "नुसती वायर ओढून भागाचा नाय. एक रात येऊन बघ." म्हणून गेलो.

जाळी सोडून झाल्यावर मी जे पाहिलं त्याने मला तिथेच घाम फुटायला हवा होता. डोक्यावर 55 वॅटचा हॅलोजन ढणढण जळतोय, टेपवर गाणी, चारही मोबाइल चार्जिंगला, तिन्ही दिव्यांत जुने पिवळे बल्ब. जत्रेतली होडी वाटत होती. पण तेव्हा मला ते छान वाटलं. आपण केलेलं काम कसं उजळलंय, असं.

एकच्या पुढे जाळी ओढताना कुणाच्या तरी तुटून वाहत आलेल्या जाळ्याचा गुंता पंख्यात गेला आणि पंख्याची पिन तुटली. दुसरी पिन बरोबर नव्हती. मामाने शांतपणे नांगर टाकला. रात्री मतलई सुटलेला असतो. जमिनीकडून समुद्राकडे वारा. नांगर घसरला तर होडी घराकडे नाही, बाहेर जाणार. मोबाइलला एकही काडी नव्हती. उरला सेट. मामाने माइक उचलला, बटण दाबलं आणि पडदा टक्‌कन विझला. बटण सोडलं, पडदा परत आला. तीनदा तसंच. एक खलाशी म्हणाला, "बॅटरी बसली."

माझ्या पिशवीत मीटर होता. मामाने आधी हॅलोजन, टेप, मोबाइल सगळं बंद करायला लावलं. टॉर्च तोंडात धरून मी नाळेत गेलो आणि मागे मामाला बटण दाबायला सांगितलं. बॅटरीच्या तोंडाशी 11.8 व्होल्ट. मग जाळ्यांवरून रांगत मागे आलो आणि सेटच्या मागच्या बाजूला तोच मीटर लावला. 10.2. मधले 1.6 व्होल्ट माझ्या वायरीने खाल्ले होते.

हिशेब साधा आहे. व्हीएचएफ सेट नुसता ऐकत असतो तेव्हा अर्धा अँपिअरसुद्धा खात नाही. बोलायला बटण दाबलं की 25 वॅटवर तो पाचेक अँपिअर ओढतो. सात मीटर जायला, सात मीटर यायला, अशी चौदा मीटर तांब्याची वायर, जाडी पाऊण चौरस मिलिमीटर. तिचा अडथळा साधारण एक तृतीयांश ओहम भरतो. पाच अँपिअरने गुणा, की दीड व्होल्टच्या वर जातात. भरलेल्या बॅटरीवर हे खपून गेलं असतं. दोन महिने खपलंच होतं. अर्धी उतरलेली बॅटरी आणि बारीक वायर एकत्र आल्या, तिथे सेटचा गळा दाबला गेला. ऐकता येत होतं, बोलता येत नव्हतं.

वायर बदलायला दुसरी वायर नव्हती. अँटिनाची केबल मागच्या काठीला घट्ट, त्यामुळे सेट पुढे नेता येईना. मग सुचलं की बॅटरीच सेटपाशी आणू. दोन खलाशांनी ती वीस-बावीस किलोची बॅटरी ओल्या जाळ्यांवरून, डोलत्या होडीत, बाळाला उचलावं तशी मागे आणली. मासे कापायच्या सुरीने मी वायर वीतभर ठेवून तोडली, टोकं सोलली आणि टर्मिनलला पिळली. सेटची ताकद 25 वॅटवरून 1 वॅटवर आणली. मामाने चॅनल 16 लावून हाक दिली. पडदा विझला नाही. दुसऱ्या हाकेला चारेक मैलांवरच्या एका होडीने ओ दिली.

पहाटे त्यांनी आम्हाला टोचन लावलं. परतताना दोर ताणला जातोय, सैल होतोय, समोर देवगडच्या टेकडीवरच्या पवनचक्क्या उजेडात येतायत, आणि मामा मला विचारतोय, "बॅटरीत होता, तरी पोचला नाय. असा कसा?" त्या टेकडीवर विजेची चक्की फिरत होती, आणि खाली सात मीटर वीज नेताना मला अपयश आलं होतं. मी खरं ते सांगितलं. "मामानू, चूक माझी. वायर बारीक होती." मामा हसला. "वायर बारीक म्हणून आवाज बारीक. ता कळला. पण बॅटरी अर्धी कोणी खाल्ली? ता पण सांग."

ते सांगायला मला पुढचे आठ दिवस लागले. बॅटरीवर 75 लिहिलेलं असतं ते कसं मोजलेलं असतं, हे मी त्याला दुकानात बसवून सांगितलं. वीस तास हळूहळू काढली तर तेवढी निघते. म्हणजे पावणेचार अँपिअर, वीस तास. घाईने ओढली तर तेवढी निघत नाही. शिवाय शिशाच्या बॅटरीचा एक स्वभाव आहे. वीज काढताना तिच्या प्लेटांवर शिशाचं सल्फेट बसतं, भरताना ते परत विरघळतं. थोडं बसलं आणि लगेच भरलं तर काही बिघडत नाही. तळापर्यंत उतरवली, किंवा अर्धपोटी तशीच ठेवली, तर ते घट्ट होत जातं. मग कितीही चार्जिंगला लावा, तेवढी जागा कायमची गेली. म्हणून निम्म्याच्या खाली उतरवायची नाही.

मामा ऐकत होता. तो चौथीपर्यंत शिकलेला. मला वाटत होतं, प्लेटा आणि सल्फेट त्याच्या डोक्यावरून जातंय. मी थांबल्यावर म्हणाला, "म्हंजे ह्या पिंपच झाला!"

आमच्याकडे होडीवर पिण्याच्या पाण्याचं पिंप असतं. मामाच्या बापापासूनचा नियम होता, तोच त्याने मला ऐकवला. "अर्धा पिंप जावचा, अर्धा पिंप येवचा. येवच्या पाण्याक हात लावूचो नाय." वारा पडला, मशीन बंद पडलं, कितीही उशीर झाला, तरी परतीचं पाणी परतीलाच. चहा कमी होईल, तोंड समुद्राच्या पाण्याने धुवावं लागेल, पण ते अर्धं राहायला हवं. मी आयटीआयमध्ये शिकून त्याला जे सांगायला गेलो होतो, ते त्याच्या घरात तीन पिढ्या पाळलं जात होतं. फक्त बॅटरी हेही पिंपच आहे, एवढं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आणि बॅटरीला झाकण उघडून आत वाकून बघता येत नाही.

मग आम्ही आत वाकून बघायची सोय केली. एक छोटा व्होल्टमीटर मामाच्या समोर बसवला आणि फळीवर ऑइलपेंटने चार ओळी लिहिल्या: 12.7 भरलेलं. 12.4 पाऊण. 12.2 अर्धं. 11.8 तळ. वर एक ताकीद: दिवे बंद करून थोडं थांबून बघा. कारण बोजा चालू असताना आकडा खाली दिसतो आणि चार्जिंग चालू असताना वर. खरा आकडा विश्रांतीनंतरचा. मामा तेवढ्यासाठी मध्यरात्री दहा मिनिटं सगळं बंद ठेवायला लागला. खलाशी कुरकुरले. नंतर त्यांनाच त्या दहा मिनिटांची सवय झाली. म्हणायचे, तेव्हाच चांदणं दिसतं.

दुसरं काम वहीचं. एका रात्रीत, संध्याकाळी सहा ते सकाळी सहा, कोण किती खातो ते लिहून काढलं. फिशफाइंडर-जीपीएस: पाऊण ते एक अँपिअर, बारा तासांत दहाएक अँपिअर-अवर. सेट: ऐकण्याबोलण्याचे मिळून सहा. तीन पिवळे बल्ब, दहा-दहा वॅटचे: अडीच अँपिअर, बारा तासांचे तीस. हॅलोजन तीन तास: चौदा. मोबाइल पाच, गाणी चार. बेरीज एकोणसत्तर. वापरायला हाती होते साडेसदतीस. म्हणजे आम्ही रोज रात्री परतीचं पिंप पिऊनच घरी येत होतो आणि 'बॅटरीत दम नाय' म्हणून बॅटरीलाच शिव्या देत होतो.

वहीत एक गोष्ट लगेच दिसली. ज्या यंत्राला सगळे घाबरत होते, तो फिशफाइंडर फारसा खादाड नव्हता. 'त्यो पडदो बंद कर, बॅटरी जाता' असं मामा सारखं ओरडायचा. आणि डोक्यावर हॅलोजन जळत असायचा, त्याकडे कुणाचं लक्ष नसायचं. तीन बल्बांच्या जागी दोन-दोन वॅटचे एलईडी आले, तीसचे सहा झाले. हॅलोजनच्या जागी दहा वॅटचा एलईडी, चौदाचे अडीच झाले. एकूण बेरीज चौतीसच्या आत आली. गाण्यांना हात लावला नाही. चार अँपिअर-अवरसाठी चार माणसांचं तोंड वाकडं करण्यात अर्थ नव्हता, आणि पहाटेच्या झोपेवर गाणं हाच उपाय होता.

हेच एलईडी आमच्या किनाऱ्यावर शिवीसारखं का झालंय, हेही इथेच सांगतो. मोठ्या बोटींवर जनरेटर लावून समुद्रात दिवसासारखा उजेड पाडायचा, मासे गोळा करायचे आणि पर्ससीनने एकदम उचलायचे. केंद्र सरकारने 2017च्या नोव्हेंबरात त्यावर बंदी घातली, तरी वाद थांबलेला नाही. मामा रात्री क्षितिजावर तसा उजेड दिसला की आपल्या दहा वॅटच्या दिव्याकडे बघायचा आणि थुंकायचा. वीज मोजून वापरणाऱ्याला ती उधळताना बघवत नाही. मासा कमी झाला त्याचं दुःख त्याहून मोठं, पण ते मीटरवर दाखवता येत नाही.

खर्च बसला, आता जमेची बाजू. आउटबोर्डमध्ये चार्जिंगची एक कॉइल असते, तिच्यातून येणारा करंट सरळ करून बॅटरीला द्यावा लागतो. मामाच्या मशीनची कॉइल पूर्ण वेगात पाच-सहा अँपिअर द्यायची आणि मशीन हळू चाललं की जवळपास काहीच नाही. जायला दोन तास, यायला दोन तास; फार तर वीस अँपिअर-अवर. चौतीस काढायचे, वीस भरायचे. रोज चौदाचा उपास. माणूस महिनाभर असा राहिला तर त्याचा चेहरा सांगतो. बॅटरीचा चेहरा काळा चौकोन, ती काही सांगत नाही; एक दिवस फक्त मशीन मारण्याआधीच दिवे मंदावतात. पूर्वी लोक सकाळी बॅटरी खांद्यावर मारून घरी न्यायचे. पण रात्रभर जागलेला माणूस, मासळीचा लिलाव, जाळ्यांची दुरुस्ती, यात बॅटरी आठ-दहा तास चार्जिंगला लागायची ती लागतच नसे. दोन तास लावली की 'झाली' म्हणून उचलायचे. शिशाची बॅटरी पहिलं पोट भराभर भरते, शेवटचा घास फार सावकाश खाते. तो शेवटचा घासच तिला जगवतो.

उपाय समोरच होता. आमची होडी रात्री काम करते आणि दिवसभर बंदरात उन्हात झोपते. म्हणजे सूर्याला आठ तास मोकळे. मामाच्या होडीवर 100 वॅटचं सोलर पॅनेल आणि एक चार्ज कंट्रोलर बसवला. कोकणातल्या हिवाळ्याच्या उन्हात पंचवीस-तीस अँपिअर-अवर निवांत यायला हवेत. आठवड्याने बघितलं तर येत होते जेमतेम आठ-दहा. मीटर घेऊन दुपारी होडीवर गेलो. पॅनेलवर ओळीने बांगडे सुकत घातलेले! वर काच, खालून गरम, माश्या बसत नाहीत. मामीला याहून चांगली जागा सापडली नसती. बांगडे काढले, तर बगळ्यांनी आणि कावळ्यांनी केलेली नक्षी. ती धुतली, तर एका कोपऱ्यावर जाळ्याची सावली. पॅनेलमध्ये चकत्या माळेसारख्या एकामागून एक जोडलेल्या असतात. एका कोपऱ्यावर सावली पडली की सगळी माळ अडते. मामीला समजावायला मी सांगितलं, "मामीनू, लगोरीचा एक दगड काढलास तर वरचे राहतील काय?" तेव्हापासून पॅनेल रोज गोड्या पाण्याने पुसलं जातं, आणि बांगडे शेजारच्यांच्या पॅनेलवर सुकतात. मी बघून न बघितल्यासारखं करतो.

आणि वायर. आता मी नाळेपासून मागे चार चौरस मिलिमीटरच्या खाली जात नाही, मघाच्या 1.6 व्होल्टचे त्यात तीन दशांश होतात. शक्य असेल तिथे कथिल चढवलेली वायर, कारण साध्या तांब्यात खारं पाणी केशवाहिनीसारखं आत चढतं आणि वरचं प्लास्टिक नवं दिसत असताना आतून वायर हिरवी-काळी भुकटी होते. पिळून टेप मारलेला जोड समुद्रावर एक हंगाम टिकत नाही. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर, कारण त्याच होडीत पेट्रोलची टाकी असते आणि शॉर्ट झालेली वायर लालबुंद व्हायला क्षण पुरतो. टर्मिनलवर पांढरा-हिरवा फुलोरा आला की कोमट पाण्यात खायचा सोडा घालून धुवायचं, कोरडं करायचं, वर व्हॅसलीन. ही शेवटची युक्ती मला मामाकडून परत ऐकायला मिळाली, तो ती बंदरावर स्वतःची म्हणून सांगत होता. मला फार बरं वाटलं.

पावसाळ्यात, 1 जून ते 31 जुलै, मासेमारी बंद. होड्या वर ओढून झापांनी शाकारल्या जातात आणि बॅटऱ्या माहेरपणाला माझ्या दुकानात येतात. घराघरात आगोट भरलेली, तशी माझ्याकडे बॅटऱ्यांची रांग. प्रत्येकीवर रंगाने खूण. खाली लाकडी फळी, कारण सिमेंटच्या लादीवर ठेवली की बॅटरी उतरते, अशी सगळ्यांची पक्की समजूत. आताच्या प्लास्टिकच्या बॅटरीला लादीने काही होत नाही. पण गिऱ्हाईकाला झोप लागावी म्हणून फळी ठेवतो. खरं कारण वेगळं असतं: नुसती पडून राहिली तरी बॅटरी आपलीआपण थोडी थोडी उतरत जाते आणि दोन महिन्यांत सल्फेट धरते. म्हणून मी दर तीन आठवड्यांनी प्रत्येकीला भरतो, डिस्टिल वॉटर घालतो, हायड्रोमीटरने सहाही घरांतलं ॲसिड बघतो. पाच घरांत 1.26 आणि एका घरात 1.15 आलं की समजायचं, हे घर बसलं. अशा वेळी मात्र मीच तांडेलाला फोन करतो आणि नवी घ्यायला सांगतो.

विजेचं मोल मला सगळ्यात जास्त कळलं ते मात्र कुठल्याही मीटरवर नाही. 2017च्या डिसेंबरच्या सुरुवातीला ओखी वादळ अरबी समुद्रात आलं. केरळ-तमिळनाडूच्या साठाहून अधिक बोटी वाऱ्याने ढकलत ढकलत देवगडच्या आश्रयाला आल्या; नऊशेहून अधिक खलाशी. बंदरात नजर टाकू तिथे अनोळखी रंगाच्या बोटी. लोकांनी भात, कपडे, औषधं नेली. मी दुकानातली सगळी एक्स्टेन्शन बोर्डं आणि हाताला लागतील तेवढे चार्जर घेऊन गेलो. भाषा एकमेकांची येत नव्हती. एक चाळिशीचा माणूस माझ्यापुढे आला, खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला मेलेला मोबाइल काढला आणि तो कानाला लावून दाखवला. नुसता. मग हात हलवला: नाही. त्याचा चार्जर माझ्याकडे बसत नव्हता. फोनची बॅटरी काढून तिच्या टोकांना क्लिप लावून, बोटाने गरम होतेय का बघत, मी ती वीस मिनिटं भरली. फोन सुरू झाला. पलीकडे कुणी उचलला ते मला कळलं नाही. याच्या तोंडून एक शब्द निघाला आणि तो तिथेच धक्क्यावर खाली बसला. वीस मिनिटांचं चार्जिंग म्हणजे अर्धा अँपिअर-अवरही नसेल. माझ्या वहीत त्याला रकाना नव्हता.

त्या रात्री मी ठरवलं की मामाच्या होडीवर दुसरी बॅटरी बसवायची. लहान, 35 अँपिअर-अवरची, तिच्यावर फक्त सेट आणि एक दिवा. पॅनेलमधून दोन्हीकडे चार्जिंग जाईल, पण मधल्या डायोडमुळे लहानीतलं मोठीकडे परत वाहणार नाही. लहानीतलं काढायचं तर वेगळा स्विच. मोठीच्या स्विचवर मामाने स्वतः ऑइलपेंटने लिहिलं, 'जावचा'. लहानीच्या स्विचवर, 'येवचा'.

आता यंत्रं वाढतच चालली आहेत. 30 ऑगस्ट 2024ला पालघरमध्ये इस्रोने विकसित केलेल्या ट्रान्सपाँडरच्या योजनेचा देशभरासाठी प्रारंभ झाला. एक लाख मासेमारी नौकांवर ते बसवायचे आहेत. नेटवर्क नसलं तरी उपग्रहामार्फत संदेश जातो-येतो, मोबाइल त्याला जोडता येतो, संकटात बटण दाबता येतं. फार मोठी गोष्ट आहे. 2011च्या त्या रात्री असतं तर मी सुरीने वायर कापत बसलो नसतो. पण प्रत्येक नवं यंत्र शेवटी त्याच पेटीपाशी येऊन ताट मांडतं. आकाशात उपग्रह फिरतोय आणि नाळेतल्या पेटीत बोटभर हिरवा गंज धरलेलं टर्मिनल, तर संदेश त्या टर्मिनलपाशीच अडणार. म्हणून कुणी नवं यंत्र दाखवायला आणलं की मी आधी विचारतो, किती खातं? आणि मग, कुणाच्या वाट्याचं?

तरुण पोरं हल्ली लिथियम मागतात. वजनाला निम्म्याहून कमी, निम्म्याऐवजी ऐंशी टक्के निर्धास्त वापरता येते, पटकन भरते. सगळं खरं. मी बसवूनही देतो. पण एक गोष्ट बजावतो. शिशाची बॅटरी म्हाताऱ्या माणसासारखी असते. जाण्याआधी कुरकुरते, दिवा पिवळा पडतो, सेटचा आवाज फाटतो, तांडेलाला कळतं. लिथियमचा व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत ताठ राहतो, आणि मग आतलं सर्किट तिला वाचवायला एका क्षणात सगळं बंद करतं. फळीवरच्या मामाच्या चार ओळी तिला लागू नाहीत. तिथे आत गेलेले आणि बाहेर आलेले अँपिअर मोजणारा वेगळा मीटर हवा. नाहीतर पिंप भरलेलं दिसतंय म्हणून पीत राहायचं आणि तळ लागल्यावरच कळायचं.

मामा आता समुद्रावर जात नाही, गुडघे धरलेत. होडी मामेभाऊ चालवतो. पण 'येवचा' स्विचचा कारभार अजून मामीकडे आहे. नारळी पौर्णिमेलाच राखीपौर्णिमा असते. त्या दिवशी समुद्राला नारळ देऊन झाला की मामी होडीवर चढते आणि त्या स्विचला एक राखी बांधते, अशी की ती तुटल्याशिवाय स्विच फिरत नाही. इतक्या वर्षांत ती हंगामाच्या मध्येच दोनदा तुटली. एकदा 2019च्या ऑक्टोबरात, क्यार वादळाच्या आधी, मोठी बॅटरी उतरलेली असताना बाकीच्या होड्यांशी बोलत परत यायला. दुसऱ्यांदा मामेभावाने क्रिकेटची मॅच बघायला फोन चार्ज केला म्हणून. त्या रात्रीचं जेवण त्याला शेजारी जेवावं लागलं.

या वर्षीही मी बॅटऱ्या पोचवायला गेलो होतो. स्विचवर गेल्या वर्षीची राखी तशीच होती. उन्हाने लाल धाग्याचा पांढरा झालेला, गोंडा मिठाने कडक. मामीने ती ओढून बघितली, तुटली नाही. शेवटी मामेभावाने सुरी दिली. मी मीटर लावला. 12.7. मामा धक्क्यावरून ओरडला, "किती हा?"

"भरलेला हा, मामानू," मी म्हणालो.